मुकं कथील

माघ सरत आला तशी तेरणेकाठची टमाट्याची पट्टी एकदम लाल झाली, आणि अजीजाबी बोटांवर दिवस मोजायला लागली. टमाटा पिकायला लागला की कुणासाठी थांबत नाही. आज कडक आहे, उद्या मऊ, आणि परवा देठापाशी पाणी सुटून त्यावर चिलटं बसलेली.

पट्टी गावातल्या आण्णासाहेबांची होती. अजीजाबीच्या नवऱ्यानं, हनीफनं, ती बटईनं घेतली होती, कारण त्याचा स्वतःचा धंदा बसला होता. हनीफ तेरचा कल्हईवाला. गावातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पांढरा हात द्यायचं काम त्याच्या बापापासून त्याच्या घरात होतं. पण लढाई पेटली, जपाननं मलाया घेतला, आणि तिकडून येणारं कथील आधी महागलं, मग दिसेनासं झालं. दोन वर्षं भाता खुंटीला लटकून होता. आयुब हा हनीफचा भाचा हैदराबादला कारखान्यात होता. पोरगा गुणाचा. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्याचा निरोप असायचाच, की मामू, इकडं या, फाटकावर बसायचं काम आहे, राहायला माझी खोली आहे. त्या खोलीत अजीजाबी एकदा काही दिवस राहून आली होती. तेवढ्या दिवसांत तिला एकाही माणसानं नावानं हाक मारली नव्हती. पाणी भरायला गेली तर तिथल्या बायका "ओ, सरको" म्हणायच्या, तेवढंच.

त्यात गेल्या दिवाळीला शांतलिंग भेटला. कुर्डुवाडी जंक्शनवर त्याचं खाण्याचं दुकान होतं. फौजेच्या गाड्या थांबायच्या, गोरे शिपाई आमलेटाबरोबर लाल सॉस मागायचे, आणि विलायती बाटल्या येणं तर बंद झालेलं. अजीजाबी लहानपणी सोलापूरला मावशीबरोबर एका गिरणीसाहेबाच्या बावर्चीखान्यात कामाला होती. टमाट्याचा सॉस कसा शिजवतात, कसा गाळतात, बाटलीत कसा भरतात, हे तिनं तिथं सगळं हातानं केलं होतं. ती ते बोलून गेली. शांतलिंगनं रिकाम्या बाटल्या आणि बुचं पाठवून दिली आणि सांगितलं, "करा. पण भाबी, उन्हाळा काढला पाहिजे. वैशाखात ज्या बाटलीचं बूच उडलं न्हाय, तीच खरी. टिकला तर दरसाल तुमचाच घेतो."

तेव्हाच नवरा-बायकोचं ठरलं. सॉस टिकला तर तेरात राहायचं. नासला तर पाऊस पडायच्या आत हैदराबादची गाडी धरायची. हनीफनं हे एकदाच बोलून दाखवलं आणि अजीजाबीनं मान डोलावली.

आता एवढा टमाटा शिजवायचा तर भांडं तेवढं हवं. दर्ग्याच्या आवारात जमातीची मोठी तांब्याची डेग होती. मागितल्याबरोबर मिळाली. पण तिच्या आतली कल्हई झिजून तांबडं तांबं उघडं पडलं होतं. उघड्या तांब्यात ताक ठेवलं की कळकतं, हे पोरासोरांना ठाऊक असतं. टमाट्याचं आंबटही तसंच. आंबट तांब्याला खातं, रस हिरवट होतो, आणि खाणारा माणूस पोट धरून आडवा होतो. तेव्हा डेगेला आधी कल्हई, मग टमाटा.

हनीफ वाशीच्या बाजाराला गेला आणि कधी नव्हे तो हसत परत आला. धोतराच्या घडीतून त्यानं कथलाच्या दोन कांड्या काढल्या.

"कुठं घावलं?"

"एक परगावचा बसला होता गोणपाटावर. म्या वाकवून बघितलं. बोललं."

त्या दिवशी किती तरी दिवसांनी भाता फुसफुसला. हनीफनं डेग निखाऱ्यावर फिरवून तापवली, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, आणि कापसाच्या बोळ्यानं त्यानं वितळलं कथील असं पसरवलं की डेगेच्या पोटात वाकून बघणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसावं. भात्याचा आवाज ऐकून चार माणसं दारात येऊन उभी राहिली. "हनीफभाई, आमच्या घागरीला बी ठेवा थोडं," कुणी तरी म्हणालं. हनीफनं ऐकलं नाही. अलीकडं त्याला दोनदा सांगावं लागे. अजीजाबीला वाटायचं, मन थाऱ्यावर नाही म्हणून असेल.

दुसऱ्या सकाळी ती डेग पुसायला बसली. रस गाळायला आणलेलं मलमलीचं पांढरं कापड हाताशी होतं, त्याचाच कोपरा घेतला. कापडावर करडी रेघ उठली. त्यात काही नवल नव्हतं. नव्या कल्हईवर नवसागराची काजळी असते, पहिलं पुसणं काळंच येतं. पंचवीस वर्षं नवऱ्याची भांडी तीच पुसत आली होती. दुसरं पुसणं पांढरं येतं. तिनं डेग राखेनं घासली, धुतली, कोरडी केली आणि कापडाचा दुसरा कोपरा फिरवला. रेघ उठली. परत धुतलं. परत उठली. कथील असं रंग सोडत नाही. शिसं सोडतं.

कांडीचा उरलेला तुकडा भात्याजवळ पडला होता. तिनं तो उचलला, कानापाशी धरला आणि वाकवला.

कथलाची कांडी वाकवली की ती करकरते. कुणी वाळलं गवत मुठीत चुरगाळावं तसा बारीक आवाज तिच्या पोटातून येतो. कल्हईवाला कथील घेताना डोळ्यांनी बघतोच, पण खरं कान लावून पारखतो. शिसं वाकतं ते मुकाट्यानं. त्यात शिसं भरपूर मिसळलं असेल तरी आवाज जातो. अजीजाबीनं तुकडा दोनदा वाकवला, तिसऱ्यांदा वाकवला. गल्लीत कोंबडा आरवला तो ऐकू आला, नदीवर कुणी धुणं आपटत होतं ते ऐकू आलं. तुकडा काही बोलला नाही.

हनीफ अंगणात लाकडं रचत होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"जरा हे ऐका."

त्यानं तुकडा कानाला लावून वाकवला. "वाजतंय की."

तिनं बाभळीची हिरवी काडी उचलली आणि त्याच्या कानाशी वाकवली. "आन् हे?"

"हे बी वाजतंय थोडं. का?"

मग तिनं काहीच उचललं नाही. नुसती रिकामी बोटं त्याच्या कानापाशी नेली आणि दुमडली. "आन् हे?"

हनीफ "वाज—" म्हणाला आणि थांबला. तिच्या बोटांकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःचे दोन्ही कान तळहातांनी झाकले, सोडले, परत झाकले.

"आत रातकिडे हाईत," तो म्हणाला. "लई दिस झाले. मला वाटलं, वय झालं की समद्यांनाच असं ऐकू येतं."

जन्मभर पत्र्यावर हातोडा मारला होता, भांड्यांचे पोचे काढले होते. तो आवाज त्याच्या कानात घर करून बसला होता, आणि त्यानं तो कथलाचा म्हणून ऐकला होता. अजीजाबीनं त्याला पांढऱ्या कापडावरच्या रेघा दाखवल्या. शिशाच्या डेगेत टमाट्याचा आंबट रस तासन्‌तास उकळायचा आणि तो लोकांच्या ताटात वाढायचा, म्हणजे काय झालं असतं ते दोघांनाही कळत होतं. शिसं एका दिवसात मारत नाही. माणसाच्या अंगात बसून राहतं.

"अल्लाचं शुक्र," अजीजाबी म्हणाली, "आपल्याच डेगेत घावलं. कुणाच्या चुलीवर न्हाय गेलं." आणि हे ती मनापासून म्हणाली. समोर टमाटे सडायला टेकले होते, तरी त्या क्षणी तिला पहिलं तेच वाटलं.

हनीफचं मन मात्र पुढं गेलं होतं. "आन् आधीची कलई?"

"आधीचं कथील धाराशिवच्या पेढीवरलं. शिक्क्याचं."

"शिक्का म्या बघितला. कान लावला व्हता का न्हाय, आता सांगता येत न्हाय. लावला असंल तर कुठला आवाज ऐकला, ते बी न्हाय सांगता येत." तो उठला. "गावात सांगावं लागंल."

"काय सांगणार? की कलईवाला बहिरा झालाय?"

"ज्याच्या घरी माझी कलई हाय त्यानं ती तपासून घ्यावी, येवढंच सांगणार."

"असं सांगितल्यावर कोण भांडं देईल तुमाला? कोण काय देईल?"

"लेकरं जेवतात गं त्यात," हनीफ म्हणाला आणि चपला घातल्या.

अजीजाबी त्याच्या मागं गेली, पण तिच्या मनानं हैदराबादची खोली केव्हाच झाडून घेतली होती.

पहिलं घर आण्णासाहेबांचं. त्यांची आई दगडाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. गावात निम्म्या लोकांना ती नावानं हाक मारी, आणि उरलेल्यांना त्यांच्या आज्याच्या नावानं. हनीफनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रिकाम्या बोटांचंसुद्धा सांगितलं.

दगडाबाईनं सूप खाली ठेवलं. "मंग? कसं कळतं म्हणालास?"

"पांढरं कापड घासायचं, आई. रेघ उठली तर शिसं."

"मंग घासू की. त्याला येवढ्या उन्हाचा कशापायी फिरतुयास? सांगावा धाड. ज्येची त्यो घिऊन यील." आणि तिनं आतल्या सुनेला हाक मारली, "माळ्यावरली भांडी काढ गं. हनीफचं कान गेल्यात."

दुपारपर्यंत ही बातमी याच शब्दांत गावभर झाली. दिवस कलायच्या आत अजीजाबीच्या अंगणात बायका येऊन बसल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात एखादं भांडं. पितळी पातेली, तांब्याची तपेली, लग्नातली मोठी बोगणी. दोन वर्षं कल्हई मिळेना, म्हणून बायकांनी चांगल्या कल्हईची भांडी जपायला माळ्यावर टाकली होती आणि रोजचं कालवण मडक्यात आणि लोखंडी कढईत चालवलं होतं. त्यामुळं जे भांडं समोर येई, त्याच्यावर हनीफचा शेवटचा हात अजून जसाच्या तसा होता.

हनीफ मधोमध बसला. अजीजाबीनं मलमलीचा एक पट्टा फाडून त्याच्या चिंध्या केल्या. पहिलं पातेलं दगडाबाईचं. हनीफनं चिंधी आतून दाबून फिरवली आणि बाहेर काढून बघायला अजीजाबीकडं दिली. स्वतः बघितलं नाही.

"पांढरं," अजीजाबी म्हणाली.

दुसरं पांढरं. तिसरं पांढरं. प्रत्येक भांड्याला हनीफ तोच श्वास आत घेई आणि तिचा शब्द येईपर्यंत सोडत नसे. कस्तुराबाई तेलीण आपलं बोगणं घेऊन पुढं आली. चिंधी फिरली आणि काळीकुट्ट निघाली. हनीफनं डोळे मिटले.

"थांबा," अजीजाबीनं चिंधी नाकाशी नेली. "कस्तुराबाई, हे कुठं ठेवलं व्हतं?"

"चुलीवरच्या माळ्यावर. कुठं ठिवणार?"

"धुतलं व्हतं का आणताना?"

"मला काय म्हाईत, आंघुळ घालून आणायचं असतं म्हून."

बायका हसल्या. बोगणं घासून, धुवून, पुसून परत चिंधी फिरवली. पांढरी आली. धुराची काजळी होती, दुसरं काही नाही. शेवटच्या भांड्यापर्यंत एकही रेघ उठली नाही. हनीफनं चिंध्या गोळा केल्या, मांडीवर ठेवल्या, आणि बराच वेळ त्यांच्या घड्या घालत बसला. शेवटी एवढंच म्हणाला, "तुमचे लई उपकार झाले."

"आमचे कशाचे?" दगडाबाई म्हणाली. "कलई तुजी, भांडी तुज्या हातची. बरं, त्या भेदऱ्यांचं काय?" टमाट्याला ती भेदरं म्हणे.

अजीजाबीनं सांगितलं. डेग गेली. दुसरं कथील नाही. टमाटा दोन दिवसांत जाईल.

दगडाबाईनं अंगणातल्या भांड्यांवरून नजर फिरवली. "मंग ही काय हाईत?"

जे सगळ्यांच्या मनात होतं ते कस्तुराबाई बोलली. "काकू, पर भांडं आपलं... आन् शिजवायचं त्यांच्या चुलीवर."

"कलई करताना कुणाच्या भट्टीवर असतं गं? त्येच्याच न्हवं? त्याच्या हातानं घासलेलं, त्याच्या इस्तवावर तापल्यालं घरी आणून देवाचा निवद करतीस. तवा कसं चालतं?"

"त्ये तापल्यालं असतं म्हून."

"मंग आताबी परत आल्यावर इस्तवावरनं फिरव. धातूला काय हुतंय? मडकं असतं तर म्या बी म्हणाले नसते."

बायकांत मागं बसलेली इरम्मा उठली, आपलं तपेलं काखोटीला मारलं आणि "आमच्यात न्हाय चालत, अजीजा, राग मानू नगं," म्हणून निघून गेली. अजीजाबीला राग आला नाही. इरम्मा तपासायला तरी आली होती, आणि त्या दिवशी तेवढंही पुष्कळ वाटत होतं. बाकीची भांडी जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच नदीकाठी, पट्टीच्या बांधावर, तीन-तीन दगडांच्या चुलींची रांग लागली. बायका "नुसतं बघायला" म्हणून आल्या आणि विळ्या घेऊन बसल्या. टमाटे धुतले, चिरले, आणि पाणी न घालता आपल्याच रसात शिजायला ठेवले. मऊ झाल्यावर उरलेल्या स्वच्छ मलमलीतून गाळले. साली आणि बिया बाजूला पडल्या, त्या शेळ्यांनी खाल्ल्या. राहिलेला पातळ लाल रस परत चुलीवर चढला. मग त्यात लवंग, दालचिनी, लसूण, आलं आणि लाल मिरची बांधलेल्या पुरचुंड्या सोडल्या.

"ह्येला काय म्हणतात म्हणालीस?" दगडाबाईनं विचारलं. ती लांब दगडावर बसून देखरेख करत होती.

"सास, आई. विलायती नाव हाय."

"तुमच्या बोलीत सास म्हंजे सासू न्हवं?" कस्तुराबाई म्हणाली. "बाटलीत घालून बूच मारायचं म्हणतीस. मला बी एक बाटली दे, माजी घालते."

एका डेगेऐवजी इतकी भांडी झाली, त्याची एक अडचण होती, आणि ती अजीजाबीला हळूहळू कळली. पसरट बोगण्यातलं पाणी लवकर उडतं, उभ्या तपेल्यातलं उडत नाही. एक भांडं घट्ट होऊन बुडाला लागायला आलेलं, तर शेजारचं अजून पन्ह्यासारखं. ती हातात पितळी ताटली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. ताटलीत थेंब टाकायचा आणि बघायचं, थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटतं का. सुटलं तर अजून कच्चा. शेवटी तिनं उभ्या भांड्यांतला रस पसरट भांड्यांत वाटून टाकला आणि सगळ्यांची चव एक केली. मीठ, गूळ आणि उसाचा सिरका अगदी शेवटी. सिरका आधी घातला तर त्याचा जोर वाफेबरोबर जातो. गुळामुळं रंग साहेबाच्या बाटलीपेक्षा काळपट आला. त्याला इलाज नव्हता, साखर रेशनवर होती.

बाटल्यांचं काम हनीफनं घेतलं. कढईत खाली पेंढा घालून त्यानं बाटल्या आणि बुचं उकळली. तापलेल्या बाटलीत तापलेलाच सॉस भरायचा, मध्ये हवेला वेळ द्यायचा नाही, लगेच बूच ठोकायचं, आणि बाटलीचं तोंड वितळलेल्या मेणात आणि लाखेत बुडवून काढायचं. ऐकण्याचं काम त्यात नव्हतं. त्याचे हात विस्तवाजवळ कधी चुकत नसत. एक-एक बाटली उचलून तो तोंडाभोवतीची लाख बोटानं चाचपत होता, कल्हईचा काठ चाचपावा तशी.

सांजेला भांडी घासून, निखाऱ्यावरून फिरवून, ज्याची त्याला गेली. डेगेतलं शिसं हनीफनं तापवून पुसून काढलं आणि नदीपासून लांब माळावर खोल पुरलं. बाटल्या घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, ओल्या वाळूत गळ्यापर्यंत रोवल्या.

मग उन्हाळा आला. चैत्रात दोन बुचं उडाली, भिंतीवर लाल शिंतोडे पडले. त्या बाटल्या शेवटी भरल्या होत्या, तेव्हा रस निवायला लागला होता. त्यानंतर अजीजाबी रोज सकाळी उठल्या उठल्या कोपऱ्यात जाऊन वाळूवर हात ठेवी आणि बुचं बघे. वैशाख रखरखीत गेला. विहिरी तळाला गेल्या. बुचं जागेवर राहिली.

ज्येष्ठात शांतलिंग बार्शीच्या गाडीनं आला. त्यानं कोपऱ्यातल्या मधल्या दोन बाटल्या स्वतः निवडून उपसल्या, लाख फोडली, बूच ओढलं. आत फेस नव्हता, बुडबुडा नव्हता. त्यानं वास घेतला, मग बोटावर घेऊन चाटला, आणि दुसऱ्यांदा चाटला.

"काळा हाय जरा," तो म्हणाला.

"गूळ हाय," अजीजाबी म्हणाली.

"असू दे. शिपाई उजेडात थोडंच खातात." मग मोठ्यानं, हनीफच्या कानाकडं वळून म्हणाला, "हनीफभाई, गाडीवर चढवा समद्या. आन् पुढल्या साली दुप्पट लावा."

हनीफला पहिल्या वेळीच ऐकू गेलं. तो उठून वाळूतल्या बाटल्या उपसायला लागला, आणि प्रत्येकीच्या तोंडावरची लाख पुन्हा एकदा बोटानं चाचपत राहिला.

त्या दुपारी तिनं शांतलिंगकडून मागून ठेवलेल्या बाटल्या टोपलीत घेतल्या आणि ज्यांची भांडी आली होती त्या घरी एक-एक पोचवली. इरम्माच्या दारातही एक ठेवली. दगडाबाई नेहमीसारखी ओट्यावर होती. तिनं बाटली उन्हात धरून बघितली.

"आमी खात न्हाय गं असलं लाल."

"खाऊ नका, आई. ठेवा."

दगडाबाईनं ती मागं भिंतीशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवली. "मंग? भाच्याकडं जायचं म्हणत व्हतीस."

"न्हाय जात."

म्हातारीनं तुरीचं सूप उचलून मांडीवर घेतलं. ओट्यावर एका माणसापुरती जागा झाली.

"मंग हुबी का?" ती म्हणाली. "बस की अजीजा."